रांग कुठे लागते, तेच मला माहीत नव्हतं

तक्रार रोज एकच असायची आणि वेळही ठरलेली: दुपारचे चार. शाखेतून मुख्य कार्यालयात येणारा आवाज चार वाजले की तुटायला लागायचा. कॉल कट व्हायचा नाही, पण मधले शब्द गळायचे. गंमत म्हणजे शाखेतल्यांना आमचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू जायचं, त्यामुळे 'तुमच्याच फोनमध्ये काहीतरी आहे' असं ते ठामपणे सांगायचे. साडेपाचच्या सुमारास सगळं आपोआप सुरळीत.

कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. चार वाजता शाखेच्या सर्व्हरचा बॅकअप मुख्य कार्यालयाकडे निघतो, हे वेळापत्रकातच लिहिलेलं होतं. मग बॅकअप रात्री का नाही? मीही तेच विचारलं. रात्री दुसरा, मोठा बॅकअप चालतो आणि हा हलवता येणार नाही, असं उत्तर आलं. लिंक वाढवायला पैसे नाहीत हे न विचारताच कळलं होतं. राहिलं काय, तर क्यूओएस, म्हणजे आहे त्याच लिंकवर कुठल्या ट्रॅफिकला आधी सोडायचं हे ठरवणं. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, पण चालू लिंकवर स्वतःच्या हाताने कधी न लावलेलं.

लिंकचा तपशील आधी सांगतो, कारण सगळी गोम तिथेच होती. शाखेच्या राउटरचा पोर्ट १ जीबीपीएसचा. प्रोव्हायडरशी करार १०० एमबीपीएसचा.

पहिल्या दिवशी मी पुस्तकातलंच केलं. आवाजाची पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) त्यांच्या हेडरमधल्या डीएससीपी या प्राधान्याच्या खुणेवरून, आवाजासाठी ४६ म्हणजेच ईएफ, ओळखायची आणि त्यांना प्रायॉरिटी क्यू, म्हणजे सगळ्यांच्या आधी सुटणारी रांग, द्यायचा. बॅकअप सर्व्हरच्या पत्त्यावरून बॅकअपचा वेगळा क्लास, म्हणजे ट्रॅफिकचा गट, करायचा आणि बाकी सगळं डिफॉल्टमध्ये सोडायचं. पॉलिसी बाहेर जाणाऱ्या पोर्टवर लावली. तीनला लावली, चारची वाट पाहिली. चारला फोन आला: "तुटतंय."

राउटरवर काउंटर बघितले. आवाजाच्या क्लासमध्ये पॅकेटं मोजली जात होती, म्हणजे ओळख पटत होती. रांगेची लांबी शून्य. ड्रॉप शून्य. बॅकअपच्या क्लासमध्येही ड्रॉप शून्य. मला बरं वाटलं! राउटर काहीच टाकत नाही म्हणजे आपलं काम चोख, दोष पलीकडे, असा निष्कर्ष काढून मी प्रोव्हायडरला मेल लिहायला घेतला. शेजारी बसणाऱ्या, टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने स्क्रीनकडे बघून विचारलं, "सर, ड्रॉप शून्य आहे म्हणजे रांगच लागत नाहीये ना? मग प्रायॉरिटी कुणाच्या पुढे मिळतेय?"

मेल तिथेच थांबला.

तिचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. पोर्टला वाटत होतं आपल्याकडे १००० एमबीपीएस आहेत. बॅकअप फार तर १५०-२०० मागत होता. पोर्टच्या हिशेबाने रस्ता मोकळाच, त्यामुळे प्रत्येक पॅकेट आलं तसं बाहेर. खरी दाटी पुढच्या टोकाला, प्रोव्हायडरच्या पहिल्या डब्यात होत होती. तिथे १०० एमबीपीएसचा पोलिसर बसलेला. त्याच्याकडे रांग नसते. जागा असेल तर पॅकेट पुढे, नसेल तर केराच्या टोपलीत. त्यात आवाजाचं कुठलं आणि बॅकअपचं कुठलं हे तो बघतही नव्हता. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा माझा कारभार चालला होता.

पोलिसर आणि शेपर यांतला फरक मला तोंडपाठ होता, म्हणजे व्याख्या पाठ होती. दोघांच्या पोटात एकच यंत्रणा: टोकनची बादली. ठरलेल्या वेगाने बादलीत टोकन पडत राहतात, पॅकेट जाताना आपल्या आकाराएवढी टोकन घेऊन जातं. बादली भरली की वरून पडणारी टोकन वाया. टोकन कमी पडली तर पोलिसर पॅकेट टाकतो (किंवा त्याची खूण उतरवतो), शेपर ते रांगेत थांबवतो. एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकाचा टीसीपीवर (हरवलेली पॅकेटं परत पाठवणारा, बॅकअप ज्यावरून जातो तो प्रोटोकॉल) काय परिणाम होतो, ते पुढचे तीन दिवस मी अनुभवलं.

कारण अक्कल आल्यावरही मी लगेच शेपर लावला नाही. मला वाटलं, बॅकअपच दंगा करतोय ना, मग त्यालाच ४० एमबीपीएसवर पोलिस करू. सोपं काम, एक ओळ. बर्स्टच्या, म्हणजे बादलीच्या आकाराच्या, जागी राउटर आकडा मागत होता. कुठल्यातरी जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये ८००० बाइट पाहिले होते, तेच टाकले.

आवाज सुधारला. बॅकअप मात्र ११-१२ एमबीपीएसवर लोळायला लागला. साडेपाचला संपणारा बॅकअप रात्री नऊपर्यंत चालला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअप सांभाळणारे गृहस्थ माझ्या टेबलापाशी उभे. "तुम्ही ४० देतो म्हणालात, इथे १२ मिळतायत."

त्यांना उत्तर द्यायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली. ८००० बाइट म्हणजे पूर्ण आकाराची जेमतेम पाच पॅकेटं. सर्व्हर १ जीबीपीएसने जोडलेला, तो पॅकेटांचा जथा एका दमात सोडतो. ८००० बाइट त्या वेगाने यायला ६४ मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ४० एमबीपीएसच्या दराने बादलीत नवीन टोकन पडतात ३२० बाइटांची. म्हणजे जथ्यातलं सहावं-सातवं पॅकेट हमखास मेलं. पॅकेट हरवलं की टीसीपी समजतो पुढे गर्दी आहे, आपली खिडकी (पोच यायच्या आधी एका वेळी पाठवायचा डेटा) निम्मी करतो, हळूहळू वाढवतो, परत आपटतो. आलेख काढला तर करवतीचे दात. सरासरी ४० च्या आसपासही जात नाही.

बर्स्ट ठरवायचा एक जुना आडाखा आहे: वेग बाइटमध्ये करायचा आणि दीड सेकंदाने गुणायचं. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५० लाख बाइट, दीडपट केले की ७५ लाख. आठ हजार कुठे आणि पंचाहत्तर लाख कुठे! मी तो आकडा टाकला. बॅकअप ३८ वर गेला, गृहस्थ खूश. चार वाजून दहा मिनिटांनी फोन: "परत तुटतंय."

या वेळी मात्र मी मेल लिहायला घेतला नाही. एवढ्या मोठ्या बादलीतून ७५ लाख बाइट एका झटक्यात, पोर्टच्या पूर्ण वेगाने बाहेर पडू शकतात. त्याला लागतात ६० मिलिसेकंद. ते ६० मिलिसेकंद प्रोव्हायडरच्या पोलिसरसमोर १ जीबीपीएसचा लोंढा उभा, आणि त्याची बादली माझ्याएवढी मोठी असण्याचं काही कारण नव्हतं. सरासरी ४० म्हणून मी निर्धास्त होतो. पोलिसर सरासरी कधी बघत नाही, त्याला त्या क्षणी बादलीत काय आहे तेवढंच कळतं.

तेव्हा कुठे दोन मजली पॉलिसी लावली. वरच्या मजल्यावर सगळ्या ट्रॅफिकवर शेपर, करारापेक्षा जरा कमी वेगाचा. खालच्या मजल्यावर माझे आधीचेच क्लास. वर शेपर असल्यामुळे राउटरला आता पोर्ट १ जीबीपीएसचा वाटत नाही. दाटी प्रोव्हायडरच्या दारातून उचलून माझ्या राउटरच्या पोटात आली. रांग माझ्याकडे लागली की कुणाला पुढे काढायचं हे मी ठरवतो. आधीची पॉलिसी चुकीची नव्हतीच, तिला काम करायला गर्दी मिळत नव्हती.

शेपर नेमका किती एमबीपीएसचा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा चिवट निघाला. १०० टाकले तर ड्रॉप कमी झाले, थांबले नाहीत. ९८ वर आणखी कमी. माझा शेपर आणि त्यांचा पोलिसर एकाच पॅकेटचं वजन वेगवेगळं करत होते. माझा राउटर इथरनेटचा १४ बाइटांचा हेडर धरत होता, शेवटचे ४ बाइट तपासणीचे धरत नव्हता. तारेवर प्रत्येक पॅकेटच्या आधी ८ बाइटांचा प्रिअँबल आणि मागे १२ बाइटांची मोकळी जागा असते, ती तर नाहीच. प्रोव्हायडर काय काय मोजतो, हे विचारून उत्तर यायला आठवडा गेला (फोनवर तिघांनी तीन उत्तरं दिली, चौथ्याने लेखी दिलं): ते सगळंच मोजत होते. मोठ्या पॅकेटला हा फरक नगण्य, १५१४ आणि १५३८, दीड टक्का. आवाजाचं पॅकेट मात्र माझ्या मते २१४ बाइटांचं आणि त्यांच्या मते २३८, म्हणजे ११ टक्के जास्त. छोटी पॅकेटं वाढली की माझे १०० त्यांच्या तराजूत १०० हून जास्त भरायचे. शेपर ९५ वर आणला आणि विषय मिटला. पाच एमबीपीएस सोडून दिले म्हणून आमच्या साहेबांनी भुवया उंचावल्या, पण त्यावर वाद घालण्यात मला रस नव्हता.

शेपरचा बर्स्टही मी पहिल्यांदा डिफॉल्टवर सोडला होता. आमच्या राउटरवर तो दर १२५ मिलिसेकंदांच्या हिशेबाने निघत होता. म्हणजे ९५ एमबीपीएसच्या हिशेबातले जवळजवळ १२ मेगाबिट पहिल्या १२ मिलिसेकंदांत भसकन बाहेर, मग शंभरहून जास्त मिलिसेकंद चिडीचूप. आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी निघतं. त्या शांततेत पाच पॅकेटं अडकून राहायची आणि मग एकदम सुटायची. बर्स्ट कमी करून हिशेब १० मिलिसेकंदांवर आणला, नंतर ४ वर. हा एक आकडा बदलल्याने जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशाने पडला नाही, आणि मी तो सगळ्यात शेवटी बघितला.

चार वाजताचे फोन थांबले. मी एक आठवडा कॉलर ताठ करून फिरलो.

सोमवारी सकाळी दहाला, बॅकअपचा मागमूस नसताना, शाखेतले सगळेच कॉल एकदम खराब. या वेळी ड्रॉप स्पष्ट दिसत होते आणि तेही आवाजाच्याच क्लासमध्ये. प्रायॉरिटी क्यूला मी ५ एमबीपीएस दिले होते, अंदाजाने. प्रायॉरिटी क्यूला मर्यादा घालावीच लागते, नाहीतर तो बाकी सगळ्यांना उपाशी मारेल. त्यामुळे त्याच्या आत एक पोलिसर दडलेला असतो, आणि काही राउटरांवर तो लिंक मोकळी असली तरी चालतो. हिशेब मी आता केला. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा करायची पद्धत) दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज, वर आयपी, यूडीपी, आरटीपी यांचे हेडर मिळून ४० बाइट, वर इथरनेटचे तपासणीच्या ४ बाइटांसह १८. २१८ बाइट, सेकंदाला ५० वेळा: ८७.२ केबीपीएस. पाच एमबीपीएसमध्ये बसतात ५७ कॉल. सोमवारच्या बैठकीसाठी ७० कॉल लागले होते.

पहिले ५७ कॉल उत्तम आणि पुढचे १३ खराब, असं का झालं नाही? कारण पोलिसरला कॉल कळत नाहीत, पॅकेटं कळतात. शंभरातली साधारण १८ पॅकेटं तो टाकत होता आणि ती सत्तरही कॉलमध्ये वाटली जात होती. एक जास्तीचा कॉल आला की आधीचे सगळे थोडे थोडे बिघडतात. तेव्हा कॉल किती होऊ द्यायचे हे टेलिफोन एक्स्चेंजवर ठरवावं लागतं, राउटरवर ते ठरवता येत नाही. प्रायॉरिटी १० एमबीपीएस केली, ११४ कॉलांची जागा, आणि एक्स्चेंजवर १०० ची मर्यादा घातली. १०१ व्याला व्यस्त टोन ऐकू येईल. सत्तर जणांना तुटका आवाज देण्यापेक्षा ते बरं.

तरीही पाच-सहा फोन असे होते की जे चार वाजता रडायचेच. बाकी सगळं ठीक, हेच तेवढे. वायरशार्क हे पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून त्यांची पॅकेटं पाहिली तर डीएससीपी ४६ च्या जागी ११. अकरा? असं कुणी मुद्दाम ठेवणार नाही. शेवटी फोनच्या सेटिंगच्या पानावर उलगडा झाला. त्या मॉडेलला डीएससीपी नको होता, त्याला आयपी हेडरमधला पूर्ण टीओएस बाइट हवा होता. डीएससीपी त्या बाइटचे वरचे ६ बिट, खालचे २ बिट ईसीएनचे, म्हणजे गर्दीची सूचना देण्याचे. ४६ लिहायचं तर चारने गुणून १८४ टाकायला हवं. कुणीतरी, आणि ते कुणीतरी मीच होतो, सरळ ४६ टाकले होते. ४६ चे वरचे सहा बिट म्हणजे ११, आणि उरलेल्या दोन बिटांनी ते पॅकेट वर 'मला ईसीएन समजतं' असंही सांगत होतं. बिचारी पॅकेटं डिफॉल्ट क्लासमध्ये बॅकअपच्या शेजाऱ्यांसोबत उभी.

व्हिडिओच्या क्लासमध्ये याहून बावळट चूक होती. दोन खुणांपैकी कुठलीही चालेल असं म्हणायचं होतं, मी दोन्ही अटी लिहिल्या आणि क्लास 'सर्व अटी जुळल्या पाहिजेत' या डिफॉल्टवर राहिला. एका पॅकेटवर दोन डीएससीपी असू शकत नाहीत. काउंटर तीन आठवडे शून्यावर होता आणि मी व्हिडिओ छान चालतोय म्हणून समाधानी होतो.

नंतर तक्रार आली ती आवाजाची नव्हती. चार ते साडेपाच शाखेतून वेब पानं उघडायला फार वेळ लागतो, अशी होती. पिंग केलं, म्हणजे पॅकेट जाऊन यायचा वेळ मोजला: एरवी ३ मिलिसेकंद, चारनंतर १३०. डिफॉल्ट क्लासची रांग मी १००० पॅकेटांची केली होती. ड्रॉप नको म्हणून, सढळ हाताने. मोठी १००० पॅकेटं म्हणजे १२ मेगाबिट, ९५ एमबीपीएसने ती उपसायला १२६ मिलिसेकंद. पाण्याची टाकी मोठी केली की पाणी जास्त येत नाही, शिळं येतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत बोलण्यासाठी एका दिशेच्या उशिराची सोयीची मर्यादा १५० मिलिसेकंद सांगितली आहे, आणि इथे माझी एकटीच रांग त्यातले १२६ खात होती. आवाज वेगळ्या क्यूत होता म्हणून वाचला, एवढंच.

यावर वाचताना पुन्हापुन्हा एक नाव समोर येत राहिलं, नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांचं. १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला, जेमतेम ४०० यार्डांवरचा वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर कोसळला होता. केबी नाही, नुसते ४० बिट. तिथून टीसीपीमधलं गर्दीचं भान जन्माला आलं. त्याच जेकबसन यांनी कॅथलीन निकल्स यांच्यासोबत २०१२ मध्ये कोडेल हे रांग सांभाळण्याचं तंत्र मांडलं. रांग किती लांब आहे हे ते बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघतं. मूळ आकडे: उशीर ५ मिलिसेकंदांच्या वर १०० मिलिसेकंद टिकून राहिला, तर टाकायला सुरुवात. मला हे फार शहाणपणाचं वाटलं, कारण रांगेची योग्य लांबी लिंकच्या वेगावर अवलंबून, आणि माणूस ती एकदा टाकतो आणि विसरतो. आमच्या राउटरवर कोडेल नाही. मग डिफॉल्ट क्लासमध्ये फेअर क्यू (प्रत्येक प्रवाहाला सारखी पाळी) सुरू केला, रांग १२० पॅकेटांवर आणली आणि रेड (रँडम अर्ली डिटेक्शन) लावून रांग भरायच्या आधीच तुरळक ड्रॉप सुरू केले. पिंग १५ च्या आसपास आलं. ड्रॉपचा काउंटर आता रोज वाढतो आणि मला त्याचं काही वाटत नाही. तीन महिन्यांपूर्वी हेच वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकून घेतलं नसतं.

उलट्या दिशेचं काम त्यामानाने लवकर झालं. मुख्य कार्यालयाकडून शाखेकडे जाणाऱ्या ट्रॅफिकची रांग शाखेच्या राउटरवर लावून उपयोग नाही, तोवर पॅकेटं लिंक ओलांडून आलेली असतात. तीच पॉलिसी मुख्य कार्यालयाच्या राउटरवर लावली. मधे एकदा पलीकडे ईएफची खूण शून्य होऊन पोहोचतेय असं आढळलं. प्रोव्हायडर आमच्या खुणा पुसत होता, कारण करारात क्लास विकत घेतलेलेच नव्हते. दाटी आमच्याच दोन टोकांना असल्याने त्यावाचून अडलं नाही. मुख्य कार्यालयात आत येताना आवाजाच्या पत्त्यांवर पुन्हा खूण मारून घेतो.

मधल्या काळात बॅकअपवरचा तो ४० चा पोलिसर मी काढून टाकला होता. आता त्याला किमान ३० ची हमी आहे आणि दुसरं कुणी वापरत नसेल तर उरलेलं सगळं. गेल्या आठवड्यात ते गृहस्थ पुन्हा टेबलापाशी आले. मी मनातल्या मनात आकडे जुळवायला लागलो. त्यांनी विचारलं, "लिंक वाढवून घेतलीत का? बॅकअप पाचलाच संपतोय."

लिंक तीच होती, उलट पाच एमबीपीएस कमी. पॅकेटं मरत नव्हती, त्यामुळे परत पाठवावी लागत नव्हती, टीसीपी दचकत नव्हता. मी कागद पुढे ओढला, करवतीचे दात काढले, शेजारी एक सरळ रेघ काढली. ते ऐकून घेत होते. अर्ध्यावर त्यांचा फोन वाजला, शाखेतूनच. बोलत बोलत ते निघून गेले, कागद टेबलावर राहिला.

दुसऱ्या शाखेचा राउटर पुढच्या महिन्यात घ्यायचा आहे. त्याच्या प्रत्येक पोर्टला हार्डवेअरमध्ये चारच क्यू आहेत आणि माझे क्लास आहेत सहा.